ॲडॉप्टर चालतो, पण टिकतो का? कमी व्होल्टेजची परीक्षा समजून घेऊ

लाइट गेली की सगळ्यांनाच कळतं. लाइट अर्धवट येते तेव्हा मात्र पटकन लक्षात येत नाही. पंखा जरा हळू फिरतो, फ्रिज नेहमीपेक्षा जास्त घुमतो आणि वायफायचा राउटर मध्येच बंद पडून आपोआप सुरू होतो. मग इंटरनेटवाल्याला फोन जातो. तो येऊन वायर बदलतो, राउटर रिसेट करतो, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा तेच. अशा वेळी इंटरनेटमध्ये दोष शोधण्याआधी प्लगला लावलेल्या छोट्या काळ्या ॲडॉप्टरकडे बघायला हवं. त्याला मिळणारं व्होल्टेज कमी झालेलं असतं, आणि वय झाल्यामुळे ते सोसायची त्याची ताकद संपलेली असते.

हे गोव्यात कुठे आणि कधी घडतं, ते इथे राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. सत्तरीत किंवा सांग्यात कुळागरातलं (सुपारी-नारळाच्या बागेतलं) घर ट्रान्सफॉर्मरपासून लांब असतं आणि त्याच लाइनवर चार विहिरींचे पंप असतात. किनारपट्टीवर डिसेंबरात सगळे एसी एकाच वेळी सुरू होतात. खाऱ्या वाऱ्याने खांबावरचे जोड गंजतात, आणि गंजलेल्या जोडात व्होल्टेज वाया जातं. पावसाळ्यात फांदी तारांना घासते आणि क्षणभरासाठी सगळ्या वाड्याचे दिवे मिणमिणतात. चतुर्थीला घराघरांत रोषणाई लागते तेव्हा लाइनच्या शेवटच्या घरात मीटर लावून बघितलं, तर १८० किंवा १७० व्होल्ट दिसले म्हणून कोणी दचकत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. पॉवर सप्लाय, म्हणजे ॲडॉप्टर, चार्जर किंवा यंत्राला वीज पुरवणारा तसाच कुठलाही डबा, नवा घेतलेला असो की दुरुस्त केलेला, दुपारी दुकानात २३० व्होल्टवर लावून ‘चालतो’ म्हणणं ही त्याची परीक्षा नव्हे. तो जिथे जाणार आहे तिथलं व्होल्टेज, तिथला पूर्ण लोड (त्याच्यावर चालणाऱ्या यंत्रांचा भार) आणि तिथली उष्णता देऊन तपासला, तरच त्याच्यावर विसंबता येतं. ही तपासणी करायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. फोंड्यातल्या किंवा डिचोलीतल्या साध्या दुरुस्तीच्या टेबलावरही ती होते. फक्त आत काय चालतं ते नीट समजलं पाहिजे.

किती म्हणजे कमी?

आपल्याकडचं व्होल्टेज नावाला २३० आहे. १९५६च्या भारतीय वीज नियमांत घरगुती पुरवठ्यासाठी त्यात ६ टक्के वरखाली चालेल असं धरलं होतं, म्हणजे साधारण २१६ ते २४४ व्होल्ट. यंत्र बनवणारे याहून सैल हिशेब करतात. मोबाइल किंवा लॅपटॉपच्या चार्जरवर बारीक अक्षरांत ‘इनपुट १००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ, १.५ अँपिअर’ असं काहीतरी छापलेलं असतं. जपानमध्ये घरातलं व्होल्टेजच १०० आहे, म्हणून खालचं टोक १००. सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय मानकांप्रमाणे तपासताना दोन्ही टोकांना आणखी १० टक्के सूट धरतात, म्हणून चाचणी ९० व्होल्टपासून २६४ व्होल्टपर्यंत होते. तो १.५ अँपिअरचा आकडा मात्र बरेच जण चुकीचा वाचतात. तो २३० व्होल्टसाठी नसतो. सगळ्यात कमी व्होल्टेजला, पूर्ण लोडवर, हा चार्जर जास्तीत जास्त किती करंट ओढेल ते त्यातून कळतं.

म्हणजे लॅपटॉपचा चांगला चार्जर १७० व्होल्टला अजिबात डगमगायला नको, आणि डगमगतही नाही. अडचण असते ती दुसऱ्या जातीच्या मालाची. सीसीटीव्हीसाठी किंवा एलईडी पट्ट्यांसाठी मिळणारे जाळीच्या पत्र्याच्या डब्यातले एसएमपीएस (स्विच्ड मोड पॉवर सप्लाय, म्हणजे वीज वेगाने चालू-बंद करून हवं ते व्होल्टेज बनवणारे सप्लाय; मोबाइल-लॅपटॉपचे चार्जरही आतून तेच) अनेकदा फक्त १८० ते २६४ व्होल्टसाठी बनवलेले असतात. सत्तरीतल्या घरात असा सप्लाय लावला की रोज संध्याकाळी तो आपल्या मर्यादेच्या खाली काम करत असतो. विकत घेताना डब्यावरचा खालचा आकडा वाचला, तर पुढचा निम्मा त्रास वाचतो.

व्होल्टेज कमी, पण ताण जास्त

व्होल्टेज कमी झालं म्हणजे यंत्राला आराम मिळतो, असा एक समज आहे. जुन्या तारेच्या बल्बबाबत तो खरा होता. तो मंद जळायचा आणि जास्त दिवस टिकायचा. मोटरचं तसं नाही. साध्या मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे १७० व्होल्टला तो २३०च्या मानाने जेमतेम ५५ टक्के उरतो. फ्रिजचा कॉम्प्रेसर मग सुरू होता होता अडकतो आणि घुमत तापत राहतो.

एसएमपीएसची गोष्ट आणखी वेगळी आहे. त्याचं काम म्हणजे आउटपुटला ठरलेलं व्होल्टेज काहीही करून कायम ठेवणं. १२ व्होल्ट, ५ अँपिअरचा ॲडॉप्टर घ्या. तो ६० वॅट देतो, आणि आतला अपव्यय धरून लाइनकडून साधारण ७० वॅट घेतो. लाइनचं व्होल्टेज निम्मं झालं तरी आउटपुटला ६० वॅट द्यायचेच आहेत, म्हणून तो करंट दुप्पट ओढतो. करंट दुप्पट झाला की ज्या भागांत रेझिस्टन्समुळे उष्णता निर्माण होते तिथे ती चौपट होते. इनपुटची फिल्टर कॉइल आणि मुख्य स्विचिंग मॉस्फेट (वीज वेगाने चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर), हे सगळे त्या करंटच्या वाटेवर बसलेले असतात. मॉस्फेट तापला की त्याचा स्वतःचा रेझिस्टन्स वाढतो, त्यामुळे तो आणखी तापतो. म्हणून कमी व्होल्टेजची परीक्षा ही मुळात उष्णतेची परीक्षा आहे. आउटपुटचे १२ व्होल्ट मीटरवर स्थिर दिसतात, आणि डबा बंद असताना आतला मॉस्फेट भाजून निघत असतो.

यात लाइनचंही नुकसान होतं. लांबच्या वायरवर असे सप्लाय जास्त लागले की व्होल्टेज पडेल तसा ते करंट वाढवतात, आणि करंट वाढला की वायरमध्ये व्होल्टेज आणखी पडतं.

जत्रेतला ॲम्प्लिफायर का गुरगुरतो?

जत्रेच्या दिवसांत साउंडवाल्यांचा आणि दुरुस्तीवाल्यांचा हा संवाद ठरलेला असतो.

“दादा, दुपारी तुमच्याकडे मस्त चालला. रात्री देवळाकडे लावला तर परत गुरगुर.”

“रात्री व्होल्टेज किती होतं?”

“ते कोण बघतो? लाइट होती ना!”

लाइट होती, हे खरं. देवळापासून रंगमंचापर्यंत १.५ चौरस मिलिमीटरची ५० मीटर वायर ओढली, की जाऊन येऊन तांब्याची लांबी १०० मीटर होते आणि तिचा रेझिस्टन्स सुमारे १.२ ओहम भरतो. त्यातून १० अँपिअर गेले की १२ व्होल्ट वायरमध्येच जातात. देवळात मुळात २०० असतील तर रंगमंचावर १८८ पोचतात. आणि जुन्या पद्धतीच्या, मोठा ट्रान्सफॉर्मर असलेल्या मिक्सरला किंवा प्री-ॲम्प्लिफायरला तेवढ्यानेही फरक पडतो.

अशा सप्लायमध्ये ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, डायोडचा ब्रिज त्याचं डीसी करतो, मोठा कपॅसिटर ते सपाट करतो आणि शेवटी ७८१२सारखा रेग्युलेटर नेमके १२ व्होल्ट देतो. या रेग्युलेटरची एक अट असते: त्याच्या तोंडाशी कायम १४ व्होल्टच्या वर काहीतरी असलं पाहिजे. ट्रान्सफॉर्मरची सेकंडरी, म्हणजे आउटपुटची गुंडाळी, १५ व्होल्टची आहे असं धरू. एसी लाटेचं शिखर नावाच्या आकड्याच्या सुमारे १.४ पट असतं, म्हणून लाइन २३० असताना तिचं शिखर सुमारे २१ व्होल्टचं, त्यातून ब्रिजमध्ये दीड-एक व्होल्ट जातात, आणि १ अँपिअर लोडला २२०० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरवर साडेतीन व्होल्टचा चढउतार होतो. म्हणजे सगळ्यात खालचा बिंदू १६ व्होल्टच्या आसपास येतो. रेग्युलेटर खूश. लाइन १९० झाली की तोच बिंदू साडेबारावर येतो. आता दर सेकंदाला १०० वेळा रेग्युलेटरचा तोल जातो, आउटपुटमध्ये १०० खाचा पडतात, आणि त्या खाचा स्पीकरमधून १०० हर्ट्झची गुरगुर म्हणून ऐकू येतात. गंमत अशी की डीसीवर ठेवलेला मल्टीमीटर सरासरी दाखवतो, म्हणून त्याला ‘जवळजवळ १२’ दिसतं. त्याच जागी मीटर एसी व्होल्टवर फिरवला की खाच पकडता येते. हे करायला अर्धा मिनिट लागतं आणि ॲम्प्लिफायर उघडावाही लागत नाही.

एसएमपीएसच्या पोटातली टाकी

एसएमपीएसमध्ये लाइनचं व्होल्टेज ट्रान्सफॉर्मरने न उतरवता थेट डायोडच्या ब्रिजमधून डीसी होतं आणि एका जाड कपॅसिटरमध्ये साठतं. हा कपॅसिटर म्हणजे गच्चीवरची पाण्याची टाकी समजा. नळाला पाणी येतं तेवढ्यापुरती ती भरते आणि मधल्या वेळात घर तिच्यावर चालतं. फरक एवढाच की इथे ‘नळ’ दर सेकंदाला १०० वेळा येतो, म्हणजे दर १० मिलिसेकंदांनी, आणि मधल्या सात-आठ मिलिसेकंदांत सगळा लोड या साठ्यावर निभावतो.

आता वर घेतलेल्या ६० वॅटच्या ॲडॉप्टरचा हिशेब मांडू. कपॅसिटर १२० मायक्रोफॅरडचा, आणि पुढची स्विचिंगची यंत्रणा डीसी १२० व्होल्टपर्यंत तग धरते, असं धरलं.

लाइन २३० असताना कपॅसिटर ३२५ व्होल्टपर्यंत भरतो. त्यातली वापरता येणारी ऊर्जा सुमारे साडेपाच ज्यूल. ७० वॅटच्या हिशेबाने ती ७८ मिलिसेकंद पुरते. लाइन १७० झाली की कपॅसिटर २४० व्होल्टपर्यंतच भरतो आणि साठा ३७ मिलिसेकंदांचा उरतो. ११० व्होल्टला तो जेमतेम ८ मिलिसेकंदांवर येतो. व्होल्टेज निम्म्याहून थोडं खाली गेलं, पण साठा एक दशांशाच्या आसपास आला, कारण कपॅसिटरमधली ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाने बदलते.

हा हिशेब नवीन कपॅसिटरचा झाला. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वर्षानुवर्षं उष्णतेत राहून सुकत जातो. तापमान १० अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा या धंद्यातला जुना अंदाज आहे, आणि तो बऱ्यापैकी खरा ठरतो. समजा सुकून सुकून तो ३० मायक्रोफॅरडचा उरला. दुपारी २३० व्होल्टला तो तरीही १९ मिलिसेकंद पुरतो, म्हणजे काम बिनबोभाट चालू. संध्याकाळी १७० व्होल्टला तोच ९ मिलिसेकंदांवर येतो. आता पुढचा ‘नळ’ येईपर्यंत टाकी जवळजवळ कोरडी पडते, आणि जरा लोड वाढला, जरा व्होल्टेज आणखी डळमळलं, की आउटपुट कोसळतं. राउटर दिवसा का चालतो आणि संध्याकाळीच का बंद पडतो, त्याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे. राउटरच्या ॲडॉप्टरमध्ये वॅट कमी आणि कपॅसिटरही छोटा असतो, पण हिशेब हाच. आउटपुटकडचे छोटे कपॅसिटरही असेच सुकतात, म्हणून दुरुस्ती करताना दोन्ही बाजू तपासाव्यात.

टेबलावरची मांडणी

व्होल्टेज हवं तसं कमी करायला लागतो डिमरस्टॅट, म्हणजे मूठ फिरवून आउटपुट बदलता येणारा ट्रान्सफॉर्मर. तो वापरण्याआधी एक गोष्ट पक्की समजून घ्या: डिमरस्टॅट लाइनपासून वेगळं करत नाही. मूठ ५० व्होल्टवर असली तरी त्याची एक तार थेट फेज असू शकते. उघडा एसएमपीएस तपासायचा असेल तर मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, म्हणजे लाइनशी तारेचा थेट संबंध तोडणारा ट्रान्सफॉर्मर, हवाच. ऑसिलोस्कोप (व्होल्टेजची लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र) वापरणाऱ्यांनी तर त्याची अर्थची क्लिप प्रायमरीच्या बाजूला, म्हणजे लाइनशी थेट जोडलेल्या भागाला, आयसोलेशनशिवाय कधीच लावू नये. स्फोटासारखा आवाज होऊन ब्रिज, फ्यूज आणि कधी स्कोपसुद्धा जातो. आणि बंद केल्यावरही त्या जाड कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्ट बसून असतात. १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर काही सेकंद लावून तो रिकामा करायचा आणि मीटरने शून्य झाल्याची खात्री करूनच हात लावायचा. ज्यांना या कामाची सवय नाही त्यांनी डबा उघडूच नये. बाहेरून, बंद डब्यावरही पुढची बहुतेक तपासणी होते.

लोडसाठी वायरवाउंड रेझिस्टर उत्तम. १० ओहम, २५ वॅटचे चार रेझिस्टर पॅरलल जोडले की अडीच ओहम होतात, आणि १२ व्होल्टला पावणेपाच अँपिअर ओढतात. ते तापतात, म्हणून पत्र्यावर बसवा. अनेक दुकानांत यासाठी गाडीचा हेडलाइट बल्ब वापरतात. सप्लाय चालू असताना तो चालतो, पण सुरुवातीच्या चाचणीला तो चालत नाही: थंड बल्बचा रेझिस्टन्स अगदीच कमी असतो आणि चांगला सप्लायही त्याला शॉर्ट समजून बंद होतो.

मीटर ‘ट्रू आरएमएस’ असलेला, म्हणजे कुठल्याही आकाराच्या लाटेचं परिणामी मूल्य बरोबर मोजणारा, घ्या. एसएमपीएस लाइनमधून करंट सलग ओढत नाही, शिखरापाशी झटक्याने ओढतो. साधा मीटर असा करंट मोजताना बराच कमी दाखवतो.

सिरीज बल्ब, म्हणजे लाइन आणि सप्लायच्या मध्ये जोडलेला तारेचा बल्ब, हा दुरुस्तीवाल्यांचा जुना आणि भरवशाचा सोबती आहे. शॉर्ट सप्लाय उडू नये म्हणून तो लावणं योग्यच. पण बल्ब लावून ‘व्होल्टेज कमी केलं’ असं मानून निष्कर्ष काढू नका. सप्लाय करंट वाढवायला बघतो, बल्ब तापून त्याला अडवतो, आणि दोघांच्या ओढाताणीत निरोगी सप्लायही टिकटिकत बंद पडतो.

खरी परीक्षा

आधी २३० व्होल्टला, पूर्ण लोडवर अर्धा तास चालवा, म्हणजे सगळे भाग आपापल्या तापमानाला येतात. मग मूठ दहा-दहा व्होल्टने खाली आणा. प्रत्येक पायरीवर मिनिटभर थांबून आउटपुटचं डीसी, त्यावरचं एसी आणि इनपुट करंट वहीत लिहा. करंट वाढत जाताना दिसेल. तो वाढायचा थांबून आउटपुट घसरू लागलं, की सप्लाय आपल्या मर्यादेला आला.

त्या मर्यादेला तो कसा वागतो, याकडे मी सगळ्यात जास्त लक्ष देतो. चांगला सप्लाय ठरावीक व्होल्टेजखाली स्वच्छ बंद होतो आणि व्होल्टेज बरंच वर आल्यावरच पुन्हा सुरू होतो. बंद होण्याच्या आणि सुरू होण्याच्या या दोन आकड्यांत अंतर असणं फार महत्त्वाचं आहे, कारण ते नसेल तर सीमेवर तो सेकंदाला अनेकदा चालू-बंद होत राहतो. वाईट सप्लाय बंद न होता आउटपुट ९-१० व्होल्टवर लोंबकळत ठेवतो. सीसीटीव्हीच्या रेकॉर्डरसाठी यासारखी घातक गोष्ट नाही. हार्ड डिस्कला १२ व्होल्ट पुरत नाहीत, ती थांबते, पुन्हा फिरायला बघते, आणि त्या संध्याकाळचं रेकॉर्डिंग हाती लागत नाही.

दुरुस्तीवाल्यांच्या ओळखीची ‘टिक-टिक’ इथेच उमगते. यूसी ३८४२ ही कित्येक सप्लायमध्ये सापडणारी कंट्रोल आयसी घ्या. तिला सुरू व्हायला स्वतःच्या पायावर १६ व्होल्ट लागतात आणि १० व्होल्टखाली ती बंद होते. सुरुवातीला हे व्होल्टेज एका मोठ्या रेझिस्टरमधून हळूहळू चढतं, आणि आयसी सुरू झाल्यावर ट्रान्सफॉर्मरच्या एका जास्तीच्या गुंडाळीतून तिचा पुरवठा चालतो. लाइन कमी असली की ती १६पर्यंत चढायलाच वेळ घेते. चढून सुरू झाली, आणि आउटपुट उभं राहण्याआधी तिचा छोटा कपॅसिटर १०च्या खाली गेला, की पुन्हा बंद. पुन्हा चढणं, पुन्हा बंद. एलईडी लुकलुकतो आणि कान लावला तर टिकटिक ऐकू येते. अशा वेळी तो छोटा कपॅसिटर, बहुतेकदा २२ किंवा ४७ मायक्रोफॅरडचा, आधी बदलून बघावा. मोठ्या कपॅसिटरपेक्षा तो लवकर सुकतो, कारण तो गरम भागांच्या मध्ये अडकलेला असतो.

यावरूनच पुढची चाचणी सुचते, जी बहुतेक जण करत नाहीत: लोड लावून, सप्लाय पूर्ण थंड असताना, थेट कमी व्होल्टेजला सुरू करणं. चालू असताना ११०पर्यंत तग धरणारा सप्लाय थंड अवस्थेत १५०लाही सुरू होत नाही, असं सर्रास दिसतं. घरात तर नेमकं तेच घडतं. लाइट जाते, अर्ध्या तासाने येते, येते तीच १६० व्होल्टने, आणि सगळी यंत्रं एकदम सुरू व्हायला बघतात.

मग उष्णता. ज्या सर्वांत कमी व्होल्टेजला तो वापरला जाणार आहे तिथे निदान एक तास, झाकण लावून, पूर्ण लोडवर ठेवा. मे महिन्यातल्या दुपारी पत्र्याच्या छपराखालच्या पेटीत तो बसणार असेल तर चाचणी पंख्याखाली करण्यात अर्थ नाही. तापमान मोजायला इन्फ्रारेड थर्मामीटर चालतो, पण चकचकीत ॲल्युमिनियमवर तो खोटं, बरंच कमी तापमान दाखवतो. हीटसिंकवर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा सप्लाय बंद असतानाच चिकटवून ठेवा आणि मग त्या टेपवर मोजा.

प्रयोगशाळेत याच्या जोडीला क्षणिक घसरणीची चाचणी होते. त्यासाठी आयईसी ६१०००-४-११ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात व्होल्टेज अर्ध्या आवर्तनासाठी, म्हणजे १० मिलिसेकंद, पूर्ण शून्य करतात. मग एका आवर्तनासाठी शून्य. २०० मिलिसेकंद ४० टक्क्यांवर, अर्धा सेकंद ७० टक्क्यांवर आणतात, आणि शेवटी पाच सेकंद पूर्ण बंद. २३०चे ४० टक्के म्हणजे ९२ व्होल्ट. १००–२४०वाल्या चार्जरला ते जवळजवळ नेहमीचंच, म्हणून तो ही परीक्षा हसत पास होतो. फक्त १८०च्या वर चालणाऱ्या सप्लायला तेव्हा टाकीतल्या साठ्यावरच दिवस काढावे लागतात.

दुकानात एवढं साधणार नाही, पण एक गोष्ट जमते. सप्लाय तासभर तापल्यावर स्विच सेकंद-दोन सेकंद बंद करून पुन्हा चालू करा. आत इनपुटला एनटीसी नावाचा एक रेझिस्टर असतो. तो थंड असताना सुरुवातीचा करंटचा लोंढा अडवतो आणि तापला की वाट मोकळी करतो. लाइट सेकंदभर जाऊन आली तर कपॅसिटर रिकामा झालेला असतो आणि एनटीसी मात्र अजून गरमच, म्हणजे लोंढा अडवायला कोणी नसतं. ‘लाइट गेली तेव्हा नाही, आल्यावर उडालं’ ही तक्रार अनेकदा इथून येते.

डिमरस्टॅट एका बाबतीत मात्र जास्तच सभ्य आहे. त्याच्यातून येणारी लाट सुबक असते. लांबच्या लाइनवर शेकडो एसएमपीएस एकाच वेळी शिखरापाशी करंट ओढतात, म्हणून तिथल्या लाटेची शिखरं चपटी होतात. मीटर आरएमएस १९० दाखवतो, पण कपॅसिटर शिखरावर भरत असल्याने त्याला त्याहून कमी लाइनसारखा माल मिळतो. म्हणून टेबलावर निघालेल्या आकड्यावर १०-१५ व्होल्टची सूट ठेवावी. १७०च्या घरासाठी १७०ला पास झालेला सप्लाय मी देणार नाही. १५०ला पास झालेला देईन.

एक बटण, ज्याला हात लावू नका

पत्र्याच्या डब्यातल्या बऱ्याच सप्लायवर ११५/२३० असं छोटं लाल सरकबटण असतं. ‘व्होल्टेज कमी येतं ना, मग ११५वर टाकू’ ही कल्पना वरकरणी तर्काला धरून वाटते, आणि तिने सप्लाय हमखास फुटतात. ते बटण ११५वर गेलं की आतला ब्रिज व्होल्टेज दुप्पट करणारा होतो. आत सहसा २०० व्होल्टचे दोन कपॅसिटर असतात. लाइन १७० असतानाही प्रत्येकावर २४० व्होल्ट चढतात, आणि रात्री उशिरा लाइन २३० झाली की ३२५. झाकण उडतं, आतला इलेक्ट्रोलाइट शिंपडला जातो, धूर होतो. भारतात ते बटण कायम २३०वर असावं, आणि त्यावर टेप चिकटवून टाकावा.

आणखी एक प्रसंग असा, जिथे सप्लायची परीक्षा घेत बसायचं नसतं. आपल्या घरात व्होल्टेज एकदम १२०-१३० झालं आणि शेजारच्या घरातले दिवे डोळे दिपतील इतके प्रखर झाले, तर न्यूट्रल (करंट परत नेणारी सामाईक तार) तुटला असण्याची दाट शक्यता असते. तीन फेजची घरं मग एकमेकांशी सिरीजमध्ये जोडल्यासारखी होतात. कोणाला १२० मिळतात, कोणाला ३००. स्टॅबिलायझरवर भरवसा न ठेवता मेन स्विच खाली करायचा, शेजाऱ्याला हाक मारून त्याचाही बंद करायला लावायचा आणि १९१२वर तक्रार नोंदवायची.

रोजच्या कमी व्होल्टेजसाठी रिले असलेला स्टॅबिलायझर फ्रिजला ठीक आहे. राउटर, रेकॉर्डर यांना त्याच्या आधाराची गरज पडू नये. १००–२४०चा चांगला ॲडॉप्टर हाच त्यांचा स्वस्त उपाय. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याचा मोड बघा. ‘यूपीएस’ मोडमध्ये तो साधारण १८० व्होल्टखाली बॅटरीवर जातो, आणि लाइनच संध्याकाळभर १७५ असेल तर बॅटरी रोज रिकामी होते. ‘नॉर्मल’ मोडमध्ये तो बरंच खालचं व्होल्टेज तसंच पुढे सोडतो, म्हणून पुढे जोडलेले सप्लाय ते सोसणारे आहेत का हे आधी तपासून मगच मोड बदलावा.

दुरुस्तीवाल्यांना माझी एक विनंती आहे. सप्लाय परत देताना डब्यावर छोटी चिठ्ठी लावा: किती लोडवर तपासला, किती व्होल्टला बंद झाला, किती व्होल्टला थंड सुरू झाला, तारीख. गिऱ्हाईक वाळपईचं असेल तर त्याला संध्याकाळी आठ वाजता घरातलं व्होल्टेज मोजून कळवायला सांगा आणि चिठ्ठीवरच्या आकड्याशी ताडून बघा. आणि चाचणी संपवण्यापूर्वी मूठ एकदा वरही न्या, २६४पर्यंत, पाच मिनिटं. मध्यरात्री पंप थांबतात, एसी बंद होतात, आणि त्याच घरात २५० व्होल्ट येतात.